तिकडचा वारा

मी एक फळी बोलतेय. सहा हात लांब, दीड वीत रुंद. दमलेली आहे, तेव्हा बोलता बोलता मध्येच गप्प झाले तर समजून घ्या. माझ्या अंगावर कपांचे गोल डाग आहेत, सुरीचे ओरखडे आहेत, आणि एका बाजूला गरम पातेलं ठेवल्याचा काळा चट्टा आहे. तो चट्टा घरधनीण गाउदेन्सियाचा. तिनं कधी कबूल केलं नाही.

माझा जन्म वर डोंगरात झाला, अयाकुचोच्या बाजूला. मी ओढ्याकाठचं झाड होते. पोर्फिरियोनं मला तोडलं, तासलं आणि दोन वर्षं सावलीत वाळवलं. चुलीत घालायला किंवा खाट करायला कुणी लाकडाचे एवढे लाड करत नाही. माझ्या नशिबी घरफळी होणं होतं.

आमच्या गावात नवरा-बायको नवं घर बांधतात, तेव्हा छप्पर घालायच्या दिवशी कोम्पाद्रेनं, म्हणजे ज्यानं त्यांच्या लेकराला बारशाच्या वेळी हातात धरलं त्यानं, एक रंगवलेली फळी आणायची असते. ती वाजतगाजत येते आणि छपराला आतून बांधली जाते. तिच्यावर घरातली माणसं असतात आणि ती खालून वर वाचायची. तळाला मारिया माता. तिच्यावर फळी देणाऱ्याचं नाव. तिसऱ्या ओळीत घरधनी आणि घरधनीण. मग जवळचे नातेवाईक, मग लांबचे, आणि शेंड्याला सूर्य-चंद्र. घरफळी आल्याशिवाय पक्कं छप्पर घालायचं नाही, हा एक नियम.

दुसरा नियम टोप्यांचा. फळीवर जिवंत माणसाची टोपी डोक्यावर असते आणि मेलेल्या माणसाची हातात. जिवंत माणसाला टोपी हातात देऊन काढलं, तर त्याचं आयुष्य आपणच खुडल्यासारखं होतं. मेलेल्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, तर घर त्याची वाट बघत बसतं आणि कुणाला धड झोप लागत नाही. म्हणून चित्रकार रंग कालवायच्या आधी प्रत्येकाबद्दल विचारून घेतो.

मी लिबोरियोच्या घरासाठी होते. पोर्फिरियो त्याचा कोम्पाद्रे. मी वाळत होते तेव्हा लिबोरियो रोज जाता-येता माझ्यावर टिचकी मारून बघायचा. सत्तावीस वर्षांचा गडी, हसला की एका बाजूचा तिरका दात दिसायचा. घराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि छपरासाठी चार पैसे कमी पडले, म्हणून तो खाली जंगलात कॉफीच्या तोडणीला गेला. तीन महिन्यांत येतो म्हणाला. बायको गाउदेन्सिया चोवीस वर्षांची, मुलगी नेलिदा पाळण्यात.

तो आला नाही. तोडणीला गेलेले बाकीचे आले. एक म्हणाला, तो नदी ओलांडून पलीकडच्या मळ्यावर गेला. दुसरा म्हणाला, पलीकडे मळाच नाही. गाउदेन्सियाचा दीर सेनोबियो दोनदा शोधून आला. ना माणूस सापडला, ना हाडं, ना टोपी.

पुढं गावात दिवस वाईट आले आणि माणसं उतरून राजधानीत, लिमाला यायला लागली. हेही आले. पोर्फिरियोनं मला बसच्या टपावर बांधलं. गाउदेन्सिया म्हणाली, "कोम्पाद्रे, घर तिथंच राहिलं, फळी कशाला नेताय?" लेकराच्या आईला कोम्पाद्रे 'कोमाद्रे' म्हणतो. तो म्हणाला, "कोमाद्रे, घर कुठंही बांधता येतं. एवढं सरळ लाकूड लिमात मिळायचं नाही." अठरा तास मी त्या टपावर होते, दोन बोकडांच्या शेजारी. थकवा तिथपासूनचा आहे.

लिमाच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्या आहेत. तिथं चटयांच्या भिंती आणि वर पत्रा, असं घर उभं राहिलं. पाणी टँकरनं यायचं, पिंपात साठवायचं. सेनोबियोनं शेजारीच आडोसा केला. तो दिवसा लोकांच्या भिंती रंगवायचा आणि उरल्या वेळात फळ्या. बावीस वर्षांचा होता, पण गावातल्या म्हाताऱ्या चित्रकाराकडे शिकलेला. कोंबडीच्या पिसांचे कुंचले स्वतःच बांधायचा.

दुसऱ्या वर्षी पोर्फिरियो म्हणाला, "पत्र्याचं छप्पर तर छप्पर. फळी करून टाकू. मला माझं काम उरकू द्या." सेनोबियोनं मला दोन विटांच्या रांगांवर आडवं ठेवलं आणि कोळशानं आखायला घेतलं. मारिया माता झाली. पोर्फिरियोचं नाव झालं. तिसऱ्या ओळीत गाउदेन्सिया झाली, हातात लोकर कातायची चाती. तिच्या शेजारी लिबोरियो. पाय झाले, पोट झालं, खांदे झाले, तो तिरका दातही झाला. मग कोळसा थांबला.

"वहिनी," सेनोबियो म्हणाला, "टोपी कुठं काढू?"

गाउदेन्सिया चुलीपाशी मका भाजत होती. तिनं ऐकलं. मला माहीत आहे ऐकलं, कारण मका करपला.

तो दुसऱ्या दिवशी परत विचारायला गेला. ती म्हणाली, "भावजी, मला पाणी भरायचंय." तिसऱ्या दिवशी कपडे धुवायचे होते. आठव्या दिवशी सेनोबियोनं हात टेकले आणि ओल्या फडक्यानं मला पुसून काढलं. मारिया मातेसकट सगळी माणसं फडक्यात गेली. असं त्या छपराचं घोंगडं भिजत पडलं, ते चौतीस वर्षं.

त्याच दुपारी गाउदेन्सिया येऊन माझ्या टोकाशी बसली. म्हणाली, "दुसरीकडं कुठं तरी काढा त्यांना."

"दुसरीकडं कुठं?"

"जिथं आपला नियम नाही तिथं. मला काय विचारता, चित्रकार तुम्ही."

सेनोबियोनं बाजारातल्या फळांच्या पेटीचं एक फळकूट घेतलं, माझ्यावर ठेवलं आणि विचार न करता रंगवायला लागला. लाल जमीन काढली, कारण लाल रंग भरपूर होता. वर सवयीनं एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र आखला. पांढरा रंग संपलेला होता, म्हणून चंद्रही पिवळाच भरला. मग मधोमध लिबोरियोला उभं केलं आणि डोक्यापाशी येऊन पुन्हा अडकला. नियम नसलेल्या जागीही हात नियमानंच चालतो.

बराच वेळ कुंचला तोंडात धरून बसला. मग त्यानं वारा काढला. उजवीकडून डावीकडे लांब लांब रेघा. वाऱ्यानं गवत आडवं झालं, सदऱ्याची टोकं उडाली, आणि लिबोरियोनं एक हात वर करून टोपी धरली. ती डोक्यावर आहे म्हणून धरलीय, की काढून घ्यायला हात गेलाय, कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. ताकास तूर लागू दिली नाही पठ्ठ्यानं.

गाउदेन्सियानं चित्र हातात घेऊन खूप वेळ पाहिलं. "कुठलं गाव हे?"

"आपल्याकडचं नाही. लांबचं आहे."

"दोन सूर्य आहेत?"

सेनोबियोनं पाहिलं. "हो," म्हणाला. "आहेत."

"मग रात्र होत नसेल. ते झोपतात कधी?"

आता काय सांगणार? पांढरा रंग संपला होता हे सांगायची त्याची हिंमत झाली नाही. म्हणाला, "पुढच्या चित्रात दाखवतो."

झालं. माझी कंबर मोडायला तिथून सुरुवात झाली.

दुसऱ्या चित्रात तिकडची माणसं अंधार मडक्यांत साठवताना दिसली. डोंगराच्या कपारीत थोडा काळोख उरतो, तो माणसं घागरीनं भरून आणतात, घरात ओततात आणि झोपतात. लिबोरियो एका हातानं घागर सावरून चालला होता. दुसरा हात टोपीवर.

"आणि खातात काय?" गाउदेन्सियानं विचारलं.

तिसऱ्या चित्रात बटाटे आले. तिकडच्या वाऱ्यानं माती उडून जाते, म्हणून प्रत्येक रोपावर धोंडा ठेवलेला. चौथ्यात सहा पायांचे लामा आले. चार पायांचे वाऱ्यापुढं टिकत नाहीत. पाचव्यात पक्षी आले, ते पायांना खडे बांधून चालत बाजाराला जातात. घरं दोरखंडानं जमिनीला जखडलेली. झाडं आडवी वाढणारी आणि माणसं त्यांच्यावरून पुलासारखी जाणारी. एक टोपी धरायची म्हणून वारा आला, आणि वारा आला म्हणून सगळी दुनिया त्याच्या सोयीनं उभारावी लागली. सेनोबियोला वाटायचं आता संपलं. गाउदेन्सिया एक प्रश्न विचारायची आणि पुढचं वर्ष त्यात जायचं.

घरात त्या जागेला नाव पडलं नाही. नुसतं 'तिकडे' म्हणायचे. "तिकडे यंदा पाऊस आहे का, भावजी?" ती असं विचारायची, की टँकरची वाट बघत उभे असलेले लोक चमकून बघायचे.

एकदा तिनं नजर चुलीकडे ठेवून विचारलं, "तिकडे बायका आहेत?"

"आहेत थोड्या."

"कशा आहेत?"

"तीन डोळ्यांच्या. आणि सगळ्या म्हाताऱ्या."

"सगळ्या?"

"एकूण एक."

"भावजी, एवढ्या लांबच्या दुनियेत एकही तरणी बाई नाही? खोटं बोलायचं तर जरा बेतानं बोला."

त्या चित्रात सेनोबियोनं एक तरुण बाई काढली, पण तिच्या शेजारी तिचा नवरा आणि सात पोरं काढली. गाउदेन्सियानं पोरं मोजली आणि समाधानानं उठली.

पुढं तिनं लिबोरियोसाठी स्वेटर विणला. हिरवा, छातीवर दोन पांढरे लामा. विणून झाल्यावर सेनोबियोपुढं टाकला आणि म्हणाली, "तिकडे वारं आहे, हा घालतील." पुढच्या चित्रापासून लिबोरियोच्या अंगात तोच स्वेटर आला. खरा स्वेटर पेटीत गेला, डांबराच्या गोळ्यांसोबत.

सगळं माझ्यावर चालायचं. रंगांच्या वाट्या माझ्यावर, कुंचले माझ्यावर पुसायचे, सूप माझ्यावर, नेलिदाचा अभ्यास माझ्यावर. तिकडची लाल माती माझ्यावर सांडली, तिकडचं आभाळ माझ्यावर ठिबकलं. थरावर थर बसत गेले. माझ्यावर कुणी एक माणूस काढला नाही, पण तिथं जाणारी प्रत्येक वाट माझ्या अंगावरून गेली. खोटं कशाला बोलू, मला त्या फळकुटांचा हेवा वाटायचा. पेटीची लाकडं ती, आदल्या दिवशीपर्यंत पपया वाहणारी. आणि मी डोंगरातून आलेली, वाळवून सिद्ध केलेली, तर मला टेबल केलं. टेबलाकडे कुणी मान वर करून बघत नाही. टेबलावर कोपर टेकतात.

नेलिदा मोठी झाली. बाजारात भाजीचा गाळा घेतला. एका गवंड्याशी लग्न केलं आणि तो इथंच राहायला आला. त्यानं चटया काढून विटांच्या भिंती बांधल्या. पण वर पत्राच. टेकडीवरचे लोक त्याला चिडवायचे, "आख्ख्या वस्तीची छपरं घातलीस, आणि सासूच्या डोक्यावर टिनाचा डबा." तो बिचारा हसायचा.

लिमात पाऊस पडत नाही, पण हिवाळ्यात धुकं उतरतं आणि पत्र्याला आतून पाणी सुटतं. ते थेंब थेंब रात्रंदिवस गळतं. नेलिदाचं तान्हं पोर त्या ओलीनं खोकायला लागलं. पहिल्या हिवाळ्यात खोकला, दुसऱ्या हिवाळ्यात त्याला दवाखान्यात नेऊन नळी लावावी लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरावर छप्पर कसलं आहे?" नेलिदा घरी आली ती पेटूनच.

"आई, या वर्षी स्लॅब पडणार."

"पडू दे की. फळी झाली की पडेल."

"मग फळी करा!"

"तुझ्या काकांना विचार."

नेलिदा माझ्यापाशी आली. सेनोबियो बाविसावं का तेविसावं चित्र रंगवत होता. तिकडचं बंदर होतं, जहाजं दगडांनी भरलेली. "काका, तुम्ही रात्रीत फळी रंगवून टाका ना. बाबांची टोपी काढा कशीही. आईला सांगू नका."

"तिसऱ्या ओळीत असते ग ती. उशाशी लटकणार. सांगायचं नाही म्हणजे काय?"

"मला बाबांचा चेहरासुद्धा आठवत नाही. माझं पोर खोकतंय ते मला ऐकू येतंय. तुम्ही दोघं मिळून कुठल्या तरी ग्रहावरच्या पक्ष्यांच्या पायाला दगड बांधत बसलाय!"

सेनोबियोनं कुंचला धुतला. गाउदेन्सिया दारात उभी होती. ती आत आली, नातवाला उचललं आणि त्याची पाठ चोळत बाहेर जाऊन बसली. मला वाटलं, आता बोलेल. बोलली नाही. त्या दिवशी मला तिचा राग आला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा आला.

पुढच्या महिन्यात शहरातून एक बाई आली. तिचं चित्रांचं दालन होतं. कुणाच्या तरी घरी तिनं सेनोबियोची सुगीची फळी पाहिली होती. इथं भिंतींवर जागा मिळेल तिथं टांगलेली तेवीस चित्रं पाहिली आणि खालीच बसली. पंधरा दिवसांनी चित्रं गाडीत घालून गेली, आणि एका शनिवारी सगळ्यांना बोलावणं आलं.

मी अर्थातच गेले नाही. टेबलाला कोण नेतं? पण ते परत आल्यावर माझ्याभोवतीच बसले, म्हणून मला सगळं कळलं. पोर्फिरियो गुडघा चोळत सांगत होता, की तिथं एका चष्मेवाल्यानं अर्धा तास त्या वाऱ्यावर भाषण केलं. हा इतिहासाचा वारा आहे, हा विस्थापनाचा वारा आहे. "मी म्हटलं, साहेब, हा टोपीचा वारा आहे. तर सगळे हसले आणि मला वाइन दिली."

नेलिदा हसली. सेनोबियोही. गाउदेन्सिया डोक्यावरची सणाची टोपी न काढता माझ्या टोकाशी बसली होती. तिच्या हातातला चहा निवला होता.

"भावजी," ती म्हणाली, "आज पहिल्यांदा सगळी एका ओळीत पाहिली."

"हो वहिनी."

"पहिल्या चित्रात तुमचा हात कच्चा आहे. शेवटच्यात पक्का झालाय."

"चौतीस वर्षं झाली की."

"तिकडची माणसं म्हातारी झाली. तो घागरवाला वाकला. त्या बाईची सात पोरं मोठी झाली, एकाला दाढी आली." ती थांबली. "ह्यांचे केस का नाही पिकले?"

पोर्फिरियोचा हात गुडघ्यावर तसाच राहिला.

"मी मुद्दाम नाही केलं, वहिनी," सेनोबियो अखेर म्हणाला. "दरवेळी पिकवायला जायचो. पण दादा म्हातारपणी कसा दिसतो ते मला माहीत नाही. मी पाहिलाच नाही. जो पाहिला तोच येतो हातातून."

"मीही नाही पाहिले," गाउदेन्सिया म्हणाली.

तिनं चहा पिऊन टाकला, कप माझ्यावर ठेवला आणि झोपायला गेली. त्या कपाचा डाग अजून आहे. बाकीच्या डागांत तो मला ओळखू येतो.

आठ दिवसांनी दालनवाली बाई चित्रं पोचवायला पुन्हा आली. तिला तेवीसच्या तेवीस विकत हवी होती, एकत्र. सेनोबियो म्हणाला, ती विकायची नाहीत, ती वहिनींची आहेत. गाउदेन्सिया कांदे चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "न्या."

अशी ती दुनिया गेली. सहा पायांचे लामा, चालणारे पक्षी, घागरीतला अंधार, सगळं. भिंतीवर तेवीस चौकोनी पुसट खुणा राहिल्या. आणि सिमेंट आलं. ते कुठून आलं, हे सांगायला नको.

ढिगाला ताडपत्री घातल्यावर गाउदेन्सिया माझ्यापाशी आली, माझ्यावरच्या वाट्या-कुंचले उचलून खाली ठेवले, आणि तळहातानं मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं. "फळी हीच ना?" तिनं विचारलं. जसं काही तिला माहीत नव्हतं.

सेनोबियो रंधा घेऊन आला. मला तासून कोरी करावी असा त्याचा विचार. तिनं त्याचा हात धरला. "नका तासू. तिकडची माती आहे ती. एवढीच राहिलीय. खालच्या अंगाला राहू द्या, पायाखाली."

तेव्हा त्यानं वरचा भाग घासून गुळगुळीत केला, पांढऱ्या मातीचा हात दिला, आणि खालचा भाग ठेवला तसाच. नऊ दिवस तो माझ्यावर काम करत होता. दिवसा, दार उघडं टाकून, उजेडात. मारिया माता त्या लाल मातीवर उभी राहिली. पोर्फिरियोचं नाव आलं. वरच्या ओळींत नेलिदा आली, भाजीच्या टोपलीसकट. तिचा नवरा आला, थापी घेऊन. पोर आलं. सेनोबियोनं स्वतःला एका कोपऱ्यात काढलं, कुंचला कानावर. तिसऱ्या ओळीत गाउदेन्सिया आली, हातात चाती, केस पांढरे. आणि तिच्या शेजारी हिरव्या स्वेटरमध्ये लिबोरियो. पाय झाले, पोट झालं, खांदे झाले, तिरका दात झाला. सेनोबियोचा हात सवयीनं उजवीकडे सरकला आणि त्यानं वाऱ्याची पहिली रेघ मारली.

गाउदेन्सिया समोर स्टुलावर बसली होती.

"वारा थांबवा, भावजी."

त्यानं वळून पाहिलं. "वारा थांबला तर त्याचा हात खाली येईल, वहिनी."

"येऊ द्या," ती म्हणाली. "चौतीस वर्षं वर धरलाय. दुखत असेल."

सेनोबियो रडला. मोठा माणूस, छप्पन वर्षांचा, माझ्यावर दोन्ही कोपरं टेकून रडला. चौतीस वर्षांत मी त्याची कोपरं हजार वेळा सोसली, पण एवढी जड कधी लागली नव्हती. गाउदेन्सिया रडली नाही. ती बसून राहिली. मग त्यानं नाक पुसलं, ती एक रेघ ओल्या फडक्यानं काढली, आणि लिबोरियोचा हात खाली आणला. टोपी हातात दिली. छातीपाशी, जशी माणसं चर्चमध्ये धरतात तशी.

"केस?" त्यानं विचारलं.

"काळेच असू द्या."

"वर सूर्य किती काढू?"

ती पहिल्यांदा जराशी हसली. "एक. आणि चंद्र. पांढरा रंग आहे ना या वेळी?"

चौतीस वर्षं तिला सगळं माहीत होतं. सेनोबियोनं पांढऱ्या रंगाची वाटी जवळ ओढली.

स्लॅबच्या दिवशी सकाळपासून आख्खी टेकडी आली. माणसांची ओळ लागली आणि बादल्या हातोहात वर गेल्या. अंगणात बीट-शेंगदाणे घातलेला बटाट्याचा लाल रस्सा रटरटत होता, मक्याची आंबवलेली दारू, चिचा, होती, एक व्हायोलिनवाला आणि एक हार्पवाला होता. पोर्फिरियोनं दुखऱ्या गुडघ्यानं मला खांद्यावर घेतलं. दुसरं टोक धरायला सातजण पुढं आले, त्यानं सगळ्यांना हाकललं. शेवटी नेलिदाच्या नवऱ्याला धरू दिलं. त्यानं तो हिरवा स्वेटर घातला होता. गाउदेन्सियानंच पेटीतून काढून दिला होता. त्याला तो काखेत एवढा घट्ट होत होता, की मला उचलताना शिवण उसवली.

लोक वाकून वाकून मला वाचत होते. नेलिदा म्हणाली, "काका, माझं नाक एवढं आहे?" कुणी तरी म्हणालं, "याहून मोठं आहे, काकांनी दया केली." तिसऱ्या ओळीपाशी आल्यावर मात्र एकेक जण थबकत गेला. मग एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मग दुसऱ्यानं. गाउदेन्सियाच्या खांद्यावर हात ठेवून ते पुढं सरकले. चौतीस वर्षं तिचं सांत्वन करायला कुणाला तोंड नव्हतं. त्या दिवशी ते त्यांना करता आलं.

या गोष्टीला आता दोन हिवाळे झाले. मला छपराला लोखंडी हुकांनी टांगलंय. पोर खोकत नाही. आता माझ्यावर कुणी कप ठेवत नाही, कुणी कोपर टेकत नाही. खरं सांगू, कधी कधी चुकल्यासारखं होतं. सेनोबियोनं नवं टेबल आणलंय, प्लायवूडचं. त्यावर तो सुगीची आणि लग्नांची चित्रं काढतो. तिकडचं एकही काढत नाही. गाउदेन्सिया विचारत नाही. ती माझ्याखाली खाटेवर झोपते, आणि दिवा मालवायच्या आधी एकदा तिसऱ्या ओळीकडे बघते. मग लगेच तिला झोप लागते.

मी थकले. एवढं बोलायची सवय नाही. तुम्ही कधी टेकडी चढून आलात आणि तुम्हाला आत बोलावलं, तर मला वर बघून वाचा, पण आमच्या पद्धतीनं, खालून वर. लाल मातीपासून सुरुवात करा. तिकडची म्हणून तेवढीच राहिलीय. तिसऱ्या ओळीत एक काळ्या केसांचा माणूस भेटेल. त्याला काही विचारू नका, खातो काय, झोपतो कधी. हात खाली घेऊन तो नुकताच उभा राहिलाय. त्याला जरा उभं राहू द्या.